पुढच्या महिन्याचा पाऊस: मॉडेल काय सांगते आणि आपण त्यातून काय काढायचे

उद्या संध्याकाळी पाऊस पडेल का आणि पुढच्या महिन्यात एकूण किती पडेल, हे दोन प्रश्न दिसायला सारखे आहेत, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी दडलेली असतात. पहिल्याचे उत्तर आजच्या हवेत असते: ढग कुठे आहेत, वारे कुठून येताहेत, सोबत किती बाष्प आणताहेत. ही माहिती लवकर शिळी होते. आजच्या मोजमापातली बारीकशी चूक रोज वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत इतकी फुगते की अमुक तारखेला पाऊस असे म्हणण्यात अर्थ उरत नाही. हवामानाचे संगणकी मॉडेल सुधारले म्हणून ही मर्यादा फारशी हलत नाही, कारण ती वातावरणाच्या स्वभावातच आहे.

मग महिना-दोन महिने पुढचे काही सांगता येते ते कशाच्या जोरावर? मुख्यतः समुद्राच्या. पाणी हवेच्या मानाने फार सावकाश तापते आणि फार सावकाश निवते. आज एखाद्या भागात समुद्र नेहमीपेक्षा एक अंशाने गरम असेल, तर महिन्याभरानेही तो बहुधा गरमच असतो. गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग उंच वाढतात, आणि दुसरीकडे कुठेतरी तीच हवा खाली उतरून ढगांना दाबून टाकते. ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हा मुद्दा मांडला: उष्ण कटिबंधातल्या दीर्घ सरासरीवर समुद्राचे तापमान, जमिनीतली ओल अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींचा ताबा असतो, मध्य अक्षांशांत तो तितका नसतो. हंगामी अंदाजाचा सगळा डोलारा आजही याच कल्पनेवर उभा आहे.

या ताब्याचे सर्वांत ठळक उदाहरण एल निनो. प्रशांत महासागराच्या मध्यात, ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण आणि १७० ते १२० अंश पश्चिम या आयताला निनो ३.४ म्हणतात. तिथले तापमान सरासरीच्या ०.५ अंश सेल्सिअस वर गेले आणि काही महिने तसेच राहिले की एल निनो, तितकेच खाली राहिले की ला निना. हिंद महासागरात पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातल्या फरकाला इंडियन ओशन डायपोल, बोलताना आयओडी म्हणतात. २०१९ च्या शेवटी हा डायपोल जोरात धन होता, म्हणजे पश्चिम भाग पूर्वेच्या मानाने नेहमीपेक्षा गरम होता. त्या काळात पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि ऑस्ट्रेलिया कोरडा पडला.

पण ताबा सगळीकडे आणि बारा महिने सारखा नसतो, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. पूर्व आफ्रिकेचाच विषुववृत्ताजवळचा भाग घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस समुद्राकडे पाहून बऱ्यापैकी सांगता येतो. मार्च ते मेचा त्याच जमिनीवरचा पाऊस मोठमोठ्या मॉडेलांनाही दाद देत नाही. ईशान्य ब्राझीलमध्ये फेब्रुवारी ते मे हा काळ अंदाजासाठी उत्तम, कारण तिथला पाऊस प्रशांत आणि उष्णकटिबंधीय अटलांटिक या दोन्ही समुद्रांना घट्ट बांधलेला आहे. इंडोनेशियात कोरड्या हंगामात एल निनोची पकड पक्की असते, ऐन पावसाळ्यात ती सैल पडते. म्हणून ‘हे मॉडेल चांगले आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या भागासाठी, कुठल्या महिन्यासाठी आणि किती आधी, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

महिना हे अडचणीचे माप आहे

तीन महिन्यांची बेरीज घेतली की मधले चढउतार एकमेकांत जिरतात आणि समुद्राची खूण उरते. एका महिन्यात ते पुरेसे जिरत नाहीत. यातला सर्वांत मोठा खोडकर घटक म्हणजे मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन, म्हणजे एमजेओ. विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा हा ढगांचा आणि वाऱ्यांचा प्रचंड पट्टा आहे. त्याची एक फेरी साधारण ३० ते ६० दिवसांत पूर्ण होते आणि हिंद महासागरावरून तो सेकंदाला जवळपास ५ मीटर वेगाने जातो. त्याचा ओला टप्पा २५ तारखेऐवजी ३ तारखेला पोचला तर पाऊस तितकाच पडतो, पण पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतो. चांगल्या मॉडेलना एमजेओ तीन-चार आठवडे आधी दिसतो. त्यामुळे पहिल्या महिन्याच्या अंदाजात समुद्र आणि आजची हवा या दोहोंचा हात असतो, दुसऱ्या महिन्यापासून जवळपास फक्त समुद्राचा. पहिल्यावरून दुसऱ्या महिन्यावर जाताना अचूकता एकदम घसरते, त्यानंतरची घसरण सावकाश होते.

भारतातला २००२ चा जुलै याच कारणासाठी अभ्यासला जातो. प्रशांतात एल निनो होता, पण मध्यम. जुलैचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला आणि ते आधी कोणाला नीट दिसले नाही. ऑगस्टमध्ये तोच एल निनो कायम असताना पाऊस सरासरीच्या जवळ गेला. हंगामी कारण एकच, आणि लागोपाठच्या दोन महिन्यांचे आकडे असे.

मॉडेल पाऊस कसा ‘पाडते’

हंगामी अंदाजाचे मॉडेल म्हणजे वातावरण, महासागर, जमीन आणि समुद्री बर्फ यांची एकत्र सोडवलेली समीकरणे. पृथ्वी चौकोनांत वाटलेली असते. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या २०१७ पासून चालणाऱ्या सीज-५ प्रणालीत वातावरणाचा चौकोन सुमारे ३६ किलोमीटरचा आहे. इतर अनेक मॉडेलांत तो १०० किलोमीटरच्या आसपास असतो. सुरुवातीची स्थिती उपग्रह, विषुववृत्तावरचे नांगरलेले बोये आणि २,००० मीटर खोलीपर्यंत बुडी मारणारे आर्गो तरंगक यांच्या मोजमापांतून ठरते. मग त्या स्थितीत थोडे थोडे फेरफार करून तेच मॉडेल अनेकदा चालवले जाते. सीज-५ दर महिन्याच्या १ तारखेपासून ५१ वेळा, सात-सात महिन्यांसाठी चालते. या धावांच्या संचाला एन्सेम्बल म्हणतात. ५१ धावांत पाऊस जितका वेगवेगळा पडतो, तितकी अनिश्चितता.

आता पाऊस पाडणारा ढग काही किलोमीटरचा आणि चौकोन त्याच्या कितीतरी पट मोठा. त्यामुळे मॉडेलमध्ये ढग प्रत्यक्ष तयार होत नाही. चौकोनातले सरासरी तापमान आणि बाष्प पाहून एक ठोकताळ्याचे सूत्र पाऊस ठरवते. उष्ण कटिबंधातल्या पावसाच्या बहुतेक चुका या सूत्रापाशी येऊन थांबतात. मॉडेल रिमझिम फार वेळा देते आणि मुसळधार फार क्वचित. जमिनीवर संध्याकाळी कोसळणारा पाऊस ते दुपारी बारालाच पाडून मोकळे होते. प्रशांतात विषुववृत्ताच्या दक्षिणेला पावसाचा एक जास्तीचा पट्टा उमटतो, जो निसर्गात इतका ठळक नसतो. अरुंद डोंगररांग मॉडेलमध्ये बोथट टेकाड होऊन जाते, मग घाटमाथ्यावरचा धो धो पाऊस आणि पलीकडची पर्जन्यछाया यांची सरासरी दोन्ही बाजूंना पसरते.

म्हणूनच मॉडेलमधून निघालेले मिलिमीटर जसेच्या तसे कोणाला देऊ नयेत. पाच मिनिटे मागे चालणाऱ्या घड्याळावरही वेळ बरोबर सांगता येते, फक्त ते किती मागे आहे हे ठाऊक हवे. मॉडेलचे घड्याळ किती मागे आहे हे शोधण्यासाठी त्याला मागची वर्षे पुन्हा ‘भविष्य’ म्हणून सोडवायला लावतात. या मागच्या अंदाजांना हिंडकास्ट म्हणतात. अनेक केंद्रांचे अंदाज एकत्र देणाऱ्या युरोपच्या कोपर्निकस सेवेत सगळ्या केंद्रांसाठी १९९३ ते २०१६ ही २४ वर्षे सामाईक धरली आहेत. त्यात सीज-५ च्या दर वर्षी २५ धावा मिळतात.

यातली खोच अशी की ही चूक एकच नसते. धाव सुरू होते तेव्हा मॉडेल निरीक्षणांच्या जवळ असते आणि दिवसागणिक आपल्या स्वतःच्या लाडक्या हवामानाकडे सरकत जाते. १ जूनला सुरू झालेल्या धावेतला जुलै आणि १ मेला सुरू झालेल्या धावेतला जुलै यांची सरासरी वेगळी येते. तेव्हा आजच्या अंदाजाची तुलना त्याच आरंभ-महिन्याच्या आणि तितक्याच अंतरावरच्या हिंडकास्टशीच करायची. सगळे जुलै एकत्र करून एक सरासरी काढली, तर मॉडेलचे हे सरकणे हवामानातला बदल म्हणून नकाशावर उमटते, आणि नकाशा बघणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो.

आकड्यांशी प्रत्यक्ष गाठ

पहिले काम एककाचे. कोपर्निकसच्या मासिक फाइलींत पाऊस मीटर प्रति सेकंदात असतो. ०.००००००१ मीटर प्रति सेकंद हा क्षुल्लक दिसणारा आकडा ८६,४०० सेकंदांनी आणि मग १,००० ने गुणला की दिवसाला ८.६४ मिलिमीटर होतो, ३० दिवसांच्या महिन्याला सुमारे २५९ मिलिमीटर. अमेरिकी बहुमॉडेल संचात, म्हणजे एनएमएमईत, पाऊस थेट मिलिमीटर प्रतिदिन असतो. काही साठ्यांत किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असतो. एका चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा तिथे फक्त ८६,४०० ने गुणायचे. हजारपट चूक लगेच दिसते. ३० ऐवजी ३१ दिवस धरल्याची चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

दुसरे, महिन्यांची मोजणी. कोपर्निकसमध्ये १ सप्टेंबरला सुरू झालेल्या धावेतला सप्टेंबर हा ‘लीड १’, म्हणजे आरंभापासून मोजलेला पहिला महिना. एनएमएमईत तोच पहिला महिना ‘०.५’ म्हणून लिहिलेला दिसतो. दोन्हींची सरमिसळ करणाऱ्याच्या हातून एका मॉडेलचा ऑक्टोबर दुसऱ्याच्या सप्टेंबरवर बसतो, आणि नकाशा तरीही देखणा दिसतो. रेखांश ० ते ३६० की उणे १८० ते १८०, अक्षांश उत्तरेकडून की दक्षिणेकडून, हेही एकदा उघडून पाहावे. किनाऱ्याची रेघ काढून पाऊस जमिनीवर बसतोय का बघणे, हा दोन मिनिटांचा उपाय पुरतो.

मग निरीक्षणे. चर्प्स या संचात उपग्रहाची अवरक्त चित्रे आणि पर्जन्यमापकांचे आकडे जोडलेले आहेत. तो १९८१ पासून, ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण, फक्त जमिनीसाठी आणि ०.०५ अंशाच्या चौकोनांत आहे. समुद्रावरचाही पाऊस हवा असेल तर १९७९ पासूनचा जीपीसीपी. मॉडेलची फाइल १ अंशाची असेल तर चर्प्सचे ४०० छोटे चौकोन एका मोठ्यात मावतात. इथे क्षेत्रफळानुसार सरासरी घ्यावी, म्हणजे एकूण पाणी तितकेच राहते. जवळच्या चार बिंदूंवरून अंदाजपंचे मूल्य काढण्याची सोपी पद्धत तापमानाला चालते, पावसाला नाही.

निरीक्षणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अवरक्त चित्र ढगाच्या माथ्याचा गारठा पाहते, त्यामुळे किनारी डोंगरांवर उबदार, बुटक्या ढगांतून पडणारा भरपूर पाऊस त्याच्या नजरेतून सुटतो. अनेक देशांत पर्जन्यमापकांची संख्या घटत गेली आहे. केंद्रे बंद पडली की आकड्यांत एक खोटा उतार दिसू लागतो, आणि मॉडेलची तपासणी नेमकी याच आकड्यांवर होते.

आता दुरुस्ती. समजा एका चौकोनात हिंडकास्टची सरासरी १८० मिलिमीटर आहे, निरीक्षणांची २४०, आणि यंदा एन्सेम्बलची सरासरी २०० आली. साधी रीत म्हणजे गुणोत्तर: २०० भागिले १८०, गुणिले २४०, म्हणजे सुमारे २६७. तापमानासारखी वजाबाकी-बेरीज इथे करू नये, कोरड्या महिन्यात उणे पाऊस निघतो. पण या २६७ मध्ये एक गोष्ट गृहीत धरली आहे, की मॉडेलचे बोलणे खरे ठरते. ते किती वेळा खरे ठरले, हे गुणोत्तराला माहीतच नाही. हिंडकास्ट आणि निरीक्षणे वर्षागणिक किती एकत्र वरखाली होतात याचे माप म्हणजे सहसंबंध: १ म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही. तो ०.८ असो की शून्य, उत्तर २६७ च.

म्हणून सहसंबंधाला हिशेबात घ्यायचे. निरीक्षणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा पसारा, ६० मिलिमीटर धरू, हिंडकास्ट सरासरीचे २० धरू. म्हणजे यंदाचा अंदाज मॉडेलच्या मापाने एक विचलन वर आहे. सहसंबंध ०.५ असेल तर अपेक्षित पाऊस २४० अधिक ०.५ गुणिले ६०, म्हणजे २७०. उरलेला पसारा ६० वरून फक्त ५२ वर येतो. मागच्या वर्षांचे कमी, मध्यम आणि जास्त असे तीन समान गट केले, तर त्यांच्या सीमा साधारण २१४ आणि २६६ वर पडतात. यंदाची शक्यता मग अशी निघते: कमी १४ टक्के, मध्यम ३३, जास्त ५३. सहसंबंध ०.३ असता तर २२, ३३, ४५. शून्य असता तर तिन्ही ३३, मॉडेल कितीही ठामपणे बोलत असले तरी.

या आकड्यांवर जरा थांबावे. ०.५ हा मासिक पावसासाठी चांगला सहसंबंध आहे, मॉडेल स्पष्टपणे ओले म्हणते आहे, आणि तरीही सातात एक वेळ तो महिना कोरड्या गटात जातो. अंदाज चुकला असे लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा ही सातवी वेळ असते. (हिशेबात पाऊस घंटाकृती वितरणाने पडतो असे धरले आहे. प्रत्यक्षात तो एका बाजूला लांब शेपूट असलेला असतो, त्यामुळे आधी वर्गमूळ घेतात किंवा गॅमा वितरण बसवतात. कोरड्या महिन्यांत, जिथे सरासरीच दहा-पंधरा मिलिमीटर आहे, तिथे तीन गट करण्याचा खटाटोपच सोडावा आणि तो भाग झाकून टाकावा.)

क्वांटाइल मॅपिंग नावाची लोकप्रिय रीत मॉडेलच्या वितरणाला निरीक्षणांच्या वितरणावर बसवते. धरणे बांधणारे अभियंते, पीक-मॉडेल चालवणारे तिच्यावर खूश असतात, कारण बाहेर येणारे आकडे खऱ्या पावसासारखे दिसतात. दिसतात इतकेच. सहसंबंध शून्य असलेल्या चौकोनातही ती पूर्ण आत्मविश्वासाने भरघोस पाऊस किंवा दुष्काळ देते. मॉडेलचे कौशल्य आधीच सिद्ध झालेल्या ठिकाणी ती वापरायला हरकत नाही, इतर ठिकाणी टाळावी.

धावा थेट मोजूनही शक्यता काढता येते. हिंडकास्टच्या २४ गुणिले २५, अशा ६०० मूल्यांतून गटांच्या सीमा काढायच्या आणि यंदाच्या ५१ पैकी किती धावा कुठे पडल्या ते बघायचे. ५१ धावांत ३३ टक्क्यांसारख्या आकड्याला नुसत्या नशिबाने सहा-सात टक्के इकडेतिकडे व्हायला जागा असते; दहाच धावा असतील तर पंधरा टक्के. शिवाय धावा एकमेकींशी गरजेपेक्षा जास्त सहमत असतात, त्यामुळे कच्ची मोजणी जवळपास नेहमीच अतिआत्मविश्वासू निघते.

तपासणीत स्वतःला फसवू नका

२४ वर्षे म्हणजे २४ नमुने. त्यात सहसंबंध ०.४० च्या खाली असेल तर तो नशिबाचा खेळ नाही असे म्हणायला आधार नाही. २० अंश गुणिले २० अंशांच्या प्रदेशात १ अंशाचे ४०० चौकोन असतात. पाच टक्क्यांच्या कसोटीवर, म्हणजे नुसत्या नशिबाने शंभरात पाच वेळा पार होता येईल अशा कसोटीवर, त्यातले वीसेक निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होतात, आणि शेजारचे चौकोन एकमेकांसारखे वागत असल्यामुळे ते विखुरलेले न दिसता एका ठिकाणी पुंजक्याने दिसतात. मग त्या पुंजक्याला कारण शोधले जाते, आणि सापडतेही.

एकेक वर्ष बाजूला ठेवून तपासणी करायची असेल, तर त्या वर्षाला सगळ्याच पायऱ्यांपासून लांब ठेवावे. सरासरी, गटांच्या सीमा, सहसंबंध, समुद्राचा कुठला भाग निवडायचा हे ठरवणेसुद्धा. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते: सगळी वर्षे पाहून समुद्राचा एक चौकोन निवडायचा आणि मग फक्त समीकरण वर्ष गाळून तपासायचे. कागदावर ०.६ येते, पुढच्या पाच वर्षांत काहीच येत नाही.

अनेक मॉडेल एकत्र केल्याने सहसा फायदा होतो, कारण प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात. आधी प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या हिंडकास्टवर सरळ करायचे, मग शक्यतांची सरासरी घ्यायची. कुणाला किती वजन द्यायचे हे ठरवण्याचा मोह होतो, पण २४ वर्षांच्या आधाराने काढलेली वजने समान वजनांना क्वचितच मागे टाकतात. इतके करूनही काही वेळा सगळी मॉडेल एकदमच चुकतात. मार्च ते मे या काळात प्रशांत आपला कल बदलत असतो, त्याआधी केलेले अंदाज ठिसूळ असतात. २०१४ च्या सुरुवातीला अनेक मॉडेल मोठ्या एल निनोची चिन्हे दाखवत होती. त्या वर्षी तो आला नाही, मोठा एल निनो २०१५ मध्ये आला.

माणसांच्या चर्चेतून ठरणाऱ्या अंदाजांत वेगळीच खोट असते. १९९७ पासून आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात आणि पुढे इतरत्र, देशोदेशीचे तज्ज्ञ एकत्र बसून हंगामी नकाशा ठरवू लागले. तपासणीत दिसले की अशा नकाशांत मधल्या गटाला गरजेपेक्षा जास्त टक्के मिळतात, कारण ‘सरासरीइतका’ म्हटल्यावर फार चुकल्यासारखे वाटत नाही. जागतिक हवामान संघटनेने २०२० मध्ये मॉडेलवर आधारलेली, पुन्हा करून पाहता येईल अशी पद्धत वापरण्याचे मार्गदर्शन काढले, त्यामागे हेही एक कारण आहे.

तयार नकाशा हाती आला की आधी पांढरा किंवा राखाडी भाग बघावा. तिथे पाऊस सरासरीइतका पडेल असे कोणी म्हटलेले नाही. तिन्ही शक्यता सारख्या आहेत, म्हणजे मॉडेलपाशी सांगण्यासारखे काही नाही. त्या भागासाठी मागच्या तीस वर्षांचे मासिक आकडे हाच उपलब्ध अंदाज. रंगीत भागातही एका चौकोनाचा आकडा उचलून एका धरणाला किंवा एका शेताला लावू नये. शेजारचे नऊ-सोळा चौकोन मिळून वाचावेत. महिन्याची बेरीज सरासरीवर असूनही मधले दहा-बारा दिवस सलग कोरडे जाऊ शकतात, आणि ते कुठले दिवस हे या अंदाजात नसते. त्यासाठी दोन-तीन आठवड्यांचे वेगळे अंदाज निघतात, ते दर आठवड्याला पाहावे लागतात. महिन्याचा अंदाज मात्र दर महिन्याला नव्याने काढतात. नवा आला की त्याच महिन्यासाठी काढलेला जुना बाजूला ठेवावा, कारण नव्यात समुद्राची ताजी स्थिती आणि एक महिना कमी अंतर, दोन्ही असते.